खाटीकपुऱ्याचा इतिहास कोणीं लिहावयाचा?

नागपूरचा इतिहास लिहूं लागलें कीं आमच्या लेखकांची लेखणी बख्त बुलंदाच्या नगरस्थापनेपासून निघते, भोसल्यांच्या वाड्यांत विसावते, १८१७ च्या सीताबर्डीच्या रणांगणावरून फिरते आणि १८५३ सालीं राज्य खालसा झालें तेथें उसासा टाकते. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी हीं नांवें बाजाराच्या वारांवरून पडलीं, हेंही ती कौतुकानें सांगते. परंतु गड्डीगोदामाकडील खाटीकपुरा आला कीं तिची शाई वाळते. याला विसर म्हणवत नाहीं. हा सोवळेपणा आहे.

रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत १९११ च्या खानेसुमारीचा दाखला आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड मिळून सुमारें १३,००० खाटीक. वस्ती मुख्यत्वें अमरावती, जबलपूर, नागपूर, सागर अशा मोठ्या शहरांच्या जिल्ह्यांत. कारण उघड आहे. खेड्यांत बकरें सणावारीं पडतें. रोज कापलेलें मटण रोज खपावयाचें तर गिऱ्हाइकांची दाटी लागते. म्हणजे खाटकाची गल्ली हें गांवाचें शहर झाल्याचेंच लक्षण होय. नागपूर ज्या सावजी रश्श्याची बढाई मारतें, तो हलबा कोष्ट्यांच्या चुलीवर शिजला खरा. पण त्यांतलें मटण कोणाच्या सुरीखालून आलें? खाणाराची रुचि ती संस्कृति, आणि कापणाराचा धंदा तें पाप, हा कोणता न्याय? आमच्या भाषेनें तर 'कसाई' हा शब्द क्रौर्याचा प्रतिशब्दच करून सोडला.

न्यायालयानें तरी या धंद्याचें म्हणणें ऐकिलें. मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा पशुसंरक्षण कायदा, तसेच बिहार व उत्तर प्रदेश येथील कायदे, यांविरुद्ध मुसलमान कुरेशी कसायांनीं सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. १९५८ च्या निकालानें गोवधबंदी कायम ठेविली; निरुपयोगी झालेले बैल व म्हशी यांच्या कत्तलीवरील सरसकट बंदी मात्र अवाजवी ठरविली. बैलांविषयींचें तें मत २००५ सालीं पालटलें, आणि महाराष्ट्रांत २०१५ पासून बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. हे निकाल कोणास रुचोत वा न रुचोत. एवढ्या मोठ्या वादांतील एक पक्ष ज्या गल्ल्यांत राहिला, त्यांस नगराच्या इतिहासांत एक प्रकरणही मिळूं नये काय?

डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय घेतला. नांवांतील हेटाळणी जावी, हें योग्यच झालें. परंतु पाटी बदलल्यानें ऋण फिटत नाहीं. नवी पाटी चढण्यापूर्वीं सुशिक्षितांनीं त्या गल्लींत जावें. बकरीं कोठून येत, कातडीं कोणाकडे जात, उधारी कोणत्या मोठ्या घरांकडे थकत असे, हें तेथील वृद्धांस विचारून लिहून ठेवावें. तेवढें न करितां नांव पुसलें, तर हेटाळणीबरोबर त्या माणसांची स्मृतिही पुसल्याचा दोष आमच्या माथीं येईल.