दोन पडदे, चार तंतू: हे गणित चिकलठाण्यातही शिकवा
चिकलठाणा एमआयडीसीत पत्र्यावर पत्रा ठेवला, तरी गुणधर्म तेच राहतात. स्ट्रिंग सिद्धांतातल्या ‘डी-ब्रेन’ या पडद्यांचे तसे नाही. त्यांवर सूक्ष्म तंतूंची टोके टेकतात. ब्रेन एक असेल तर तंतूंचा प्रकार एक. दोन असतील तर चार. ब्रेन दूर असताना मधले तंतू ताणलेले, म्हणून जड. ब्रेन एकमेकांना चिकटताच ते वस्तुमानहीन होतात आणि गेज सममिती वाढते. एडवर्ड विटन यांनी १९९५ मध्ये हे मांडले.

प्रयोगाचा पुरावा अजून नाही. तरी ‘उपयोग काय?’ म्हणत पाठ फिरवू नये. वीज-चुंबकत्वाचा सिद्धांतही गेज सममितीवरच उभा आहे. अतिश दाभोलकर स्ट्रिंग सिद्धांताच्या संशोधनातून इटलीतील ‘आयसीटीपी’चे संचालक झाले. कारखान्यांशेजारच्या शाळांतही हे कुतूहल पोहोचायला हवे.