बर्फातलं बुक पोस्ट

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला ‘पुढचं पत्र बर्फातून’ असं लिहून तुमचा निरोप घेतला, तेव्हा बर्फ म्हणजे फ्रीजमधला ट्रे, एवढीच माझी समजूत होती. आपल्या बेळगावात पारा बारा-तेरावर आला की आम्ही शाल, कानटोपी, स्वेटर असा सगळा जामानिमा करून अंगणात शेगडीभोवती बसणारी माणसं. इथे मिनियापोलिसला परवा सकाळी नातीनं मोबाईल बघून सांगितलं, ‘आज्जी, आज उणे चोवीस.’ मी विचारलं, ‘सेल्सिअस का फॅरनहाइट?’ ती म्हणाली, ‘उणे चाळीसला गेलं की दोन्ही सारखंच असतं, तेव्हा विचारायची गरज नाही.’ दुसरीतली पोर! पण खरंच आहे ते, दोन्ही मापं उणे चाळीसवर एकमेकांना गाठतात. सूनबाई सांगते, ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे तेहतीसपर्यंत उतरलं होतं आणि त्या दिवशी टपालखात्यानं राज्यभरात टपालवाटपच बंद ठेवलं होतं. हे मात्र मला दोनदा विचारून खात्री करून घ्यावं लागलं. आमच्या ह्यांनी टपालखात्यात चौतीस वर्षं काढली. श्रावणातल्या झडीत छत्री उलटी होईतो वाटप चालायचं, पण ‘आज टपाल नाही’ असं ऐकलं ते फक्त संपात नाही तर बंदच्या दिवशी. आपल्याकडे बंद किती आणि कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का आहे. ‘हिवाळा काढून जा आई, घरात एकटी बसून काय करतेस’ हा मुलाचा आग्रह. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, घर मोठं, वर दोन खोल्या बंदच. आले खरी, पण एकटं बसणं काही सुटलं नाही, बसायची जागा तेवढी बदलली! मुलगा-सून आठला बाहेर, नात शाळेत. डिसेंबरात सूर्य पावणेआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो. दुपारचा चहा ठेवेपर्यंत दिवेलागण. पहिले पंधरा दिवस मी चार वाजल्यापासून खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या माणसांची वाट बघत असे, आणि माणूस काही दिसत नसे. कुत्रं फिरवायला एखादा निघाला, तर कुत्र्याच्याही पायांत बूट. रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्यानं पंजे भाजतात म्हणे.

घरातल्या गमती वेगळ्या. खोबरेल तेलाचा डबा दगड झालेला. दही लागत नाही म्हणून ओव्हनमधला नुसता दिवा लावून त्यात पातेलं ठेवायचं, सकाळी घट्ट कवडी! हवा इतकी कोरडी की दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. दाराशी बुटांसाठी एक पसरट तबक असतं, त्यात बर्फ वितळून जे पाणी साचतं ते ओतून द्यायचं काम माझ्याकडे. बर्फ पडून थांबला की चोवीस तासांच्या आत घरापुढची पायवाट घरमालकानंच मोकळी करायची, असा नगरपालिकेचा नियम आहे. त्यामुळे मुलगा ऑफिसातून येतो तो बूटही न काढता फावडं घेतो. आणि मोठा बर्फ पडला की तीन दिवसांचं वेळापत्रक लागतं. पहिल्या रात्री मुख्य रस्त्यांवर गाडी ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या रस्त्यांवर सम क्रमांकाच्या घरांची बाजू रिकामी, तिसऱ्या दिवशी विषम. मधून गाडी जाऊन बर्फ ओढून नेते. लोक हे पाळतात, कारण न पाळणाऱ्याची गाडी उचलून नेतात. आपल्या खडेबाजारात हा नियम लावला तर काय होईल, हे मनात येऊन मी एकटीच हसले.

जवळच मोठं तळं आहे, सध्या पांढरं मैदान झालेलं. चार इंच बर्फ धरला की माणसानं वरून चालायला हरकत नाही असं इथले जाणकार सांगतात. लोक चालतात, भोकं पाडून मासे धरतात. मी काठावरूनच नमस्कार करते. त्याचं नाव ब्दे माका स्का. डकोटा लोकांच्या भाषेत पांढऱ्या मातीचं तळं. मधली बरीच वर्षं ते गुलामगिरीची बाजू घेणाऱ्या कॅल्हून नावाच्या पुढाऱ्याच्या नावानं ओळखलं जात होतं. २०१८ मध्ये राज्यानं जुनं नाव परत दिलं, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२० मध्ये इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात नवं, म्हणजे खरं तर जुनं, नाव टिकलं. शेजारच्या आजोबांच्या तोंडी अजून कॅल्हूनच येतं. बेळगाव आणि बेळगावी, दोन्ही ऐकत राहणाऱ्या बाईला त्यात नवल ते काय! मी त्यांना म्हटलं, ‘आमच्याकडे २०१४ पासून पाटी बदलली आहे, आमची जीभ अजून दोन्हीकडे फिरते.’

तर असा महिना रेटत असताना मेपल ग्रोव्हच्या देवळात एक हुबळीची भेटली. माझ्या साडीवर कोट, कोटावर शाल, हे सोंग बघून तिनं जवळ येऊन पहिलाच प्रश्न टाकला, ‘ऊटा आतेन्री अक्का?’ काय सांगू, तीन आठवड्यांत पहिल्यांदा घशाशी काहीतरी दाटलं. माझी आई धारवाडची, माहेरी स्वयंपाकघरात कन्नड आणि ओसरीवर मराठी. ‘थंडी भाळ ऐति नोड्री,’ ती म्हणाली, आणि दोन्ही भाषांना थंडी एकच असल्यामुळे पुढचं बोलणं मराठीत गेलं का कन्नडात, आता आठवत नाही. ती मला अक्का म्हणते, मी तिला तंगी. तिनंच विचारलं, ‘शनिवारी काय करता? पुस्तकांच्या कामाला येता का?’

पुस्तकांचं काम म्हणजे काय, तर देशभरच्या तुरुंगांतल्या बायका पत्रं लिहून पुस्तकं मागवतात, आणि ही मंडळी लोकांनी दान दिलेल्या पुस्तकांतून शोधून, बांधून, टपालानं पाठवतात. पगार कुणालाच नाही. (पर्यटक व्हिसावर पगाराचं काम चालत नाही. मुलानं आधी सगळी चौकशी केली, मगच मला घराबाहेर सोडलं.) एका तळघरात लांब टेबल, भिंतीभर फळ्या, एका कोपऱ्यात तपकिरी कागदाचा रोल. टेबलाभोवती निवृत्त नर्सबाई, कॉलेजची पोरं, एक सोमाली आई आणि तिची मुलगी, तंगी आणि मी. इथे पुस्तकं पाठवायला टपालाचा वेगळा स्वस्त दर आहे, आपल्या बुक पोस्टाचा भाऊच म्हणा. आपल्याकडची रजिस्टर्ड बुक पोस्टाची सवलत २०२४ च्या अखेरीस बंद झाली. हे असते तर जेवण गेलं नसतं त्यांना त्या दिवशी.

पहिल्या दिवशी मला पत्रांचा गठ्ठा दिला. हस्ताक्षरं ओळखणं हे माझ्या घरातच मुरलेलं काम. हे घरी आले की पत्त्यांच्या गोष्टी सांगायचे, कुठल्या आज्जीनं गल्लीचं नाव कन्नडात आणि गावाचं मराठीत लिहिलं, कुणी नुसतं ‘पिंपळाच्या पारामागे’ लिहिलं. तशीच ही पत्रं. पेन्सिलीनं, कागदाच्या कडेपर्यंत जागा न सोडता. कुणाला विणकामाचं पुस्तक हवं, कुणाला मुलांच्या कायद्याचं, कुणाला घोड्यांची चित्रं. आणि सगळ्यांत जास्त मागणी कशाला असेल? मला वाटलं कादंबऱ्यांना. छे! शब्दकोशाला. एकामागून एक पत्रात शेवटी तीच ओळ, जमल्यास एक डिक्शनरी. नर्सबाई म्हणाल्या, ‘हे नेहमीचंच. कोशाची फळी कायम रिकामी.’

ते ऐकून घरची मधली खोली डोळ्यांपुढे आली. ह्यांच्या टेबलावर मोल्सवर्थचा मराठी कोश आणि किट्टेलचा कन्नड कोश, शेजारी शेजारी. एक १८३१ चा, दुसरा १८९४ चा, आमच्याकडे अर्थात नंतरच्या छपाया. एकाच टेबलावर दोघंही साहेब सुखानं नांदत होते, हे आमच्या गावच्या मानानं विशेषच. दोन्हींत सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा. एखादा शब्द दोन्हीकडे सापडला की समासात छोटी फुली.

आता माझा गोंधळ सांगते. दुसऱ्या शनिवारी मी मोठ्या कौतुकानं एक कोश बांधला. मऊ पुठ्ठ्याचा, ठसठशीत अक्षरांचा. मागणारीनं लिहिलं होतं की तिला मुलाच्या शाळेतल्या बाईंना पत्र लिहायचं आहे, आणि स्पेलिंग चुकलं तर मुलाला लाज वाटेल. मी खुशीत घरी आले, नातीला सांगितलंसुद्धा. साडेतीन आठवड्यांनी पार्सल परत! कारण काय, तर आत खुणा आहेत. प्रत्येक तुरुंगाचे नियम वेगळे असतात. बहुतेक ठिकाणी कडक पुठ्ठा नको, तारेची बांधणी नको, काही ठिकाणी जुनं पुस्तकच नको, आणि कित्येक ठिकाणी आत कुणी काही लिहिलेलं, अधोरेखित केलेलं नको, कारण त्यातून निरोप जाऊ शकतो. भिंतीवर यादी लावलेली होती, मी वाचलीच नव्हती. कुणी काही बोललं नाही, उलट नर्सबाईंनी कॉफी दिली. पण ती बाई साडेतीन आठवडे वाट बघत बसली असणार, आणि कदाचित शाळेचं पत्र तसंच गेलं असणार किंवा गेलंच नसणार. तो आठवडा मला घास गोड लागला नाही.

कोश घरी आणला. मी आणि नात, दोन संध्याकाळी खोडरबर घेऊन बसलो. कुणाचा होता देव जाणे. गेलेल्या माणसाच्या घरातली खोकी इथे येतात, मुलं एका दिवसात घर रिकामं करतात. त्या अनोळखी माणसानं फार बारीक खुणा केल्या होत्या, अवघड शब्दांनाच नव्हे, अगदी सोप्या शब्दांनासुद्धा. नात विचारायची, ‘आज्जी, ह्याला हे येत नव्हतं?’ मी खोडत होते आणि माझा हात मधेच थांबत होता. नातीनं माझ्या हातातून रबर घेतलं आणि उरलेली पानं तिनंच पुरी केली. दुसऱ्या शनिवारी पुन्हा बांधलं, पुन्हा पाठवलं. पोहोचलं का, हे कळायला मार्ग नाही. अजून परत आलेलं नाही, म्हणजे पोहोचलं असं धरायचं. टपालवाल्याची बायको मी, हे गणित मला नवं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका घरापुढे खांबावर पुस्तकांची लाकडी पेटी आहे. कुणीही घ्यावं, कुणीही ठेवावं. ही पद्धत जवळच्याच हडसन गावात २००९ मध्ये टॉड बोल नावाच्या गृहस्थांनी सुरू केली. आई शिक्षिका होती, तिच्या आठवणीसाठी त्यांनी एका खोलीच्या शाळेच्या आकाराची पेटी करून अंगणात उभी केली. हडसन नदीपलीकडे, दुसऱ्या राज्यात. म्हणजे हाही सीमाभागच! पेटी मात्र नदी ओलांडून जगभर गेली. बर्फ पडला की आता मी फावडं घेऊन त्या पेटीपुढची दोन हात जागा मोकळी करते. मुलगा ओरडतो, ‘आई, पडशील.’ सूनबाई म्हणते, ‘करू दे, चेहरा बघ जरा त्यांचा.’

एक गोष्ट मात्र बोचत राहिली आहे. हिंडलग्याच्या तुरुंगावरून मी आयुष्यभर बसनं गेले. वेंगुर्ल्याला माझी नणंद, वर्षातून तीन खेपा ठरलेल्या. ती भिंत आली की मी पिशवी सावरून बसत असे, आणि हे खिडकीतून बाहेर बघत असत. आत कुणी काही वाचतं का, मराठी वाचतं का कन्नड, कोण आणून देतं, हे एकदाही मनात आलं नाही. ते कळायला मला सातासमुद्रापलीकडे उणे चोवीसमध्ये यावं लागलं, याची थोडी लाजच वाटते.

गेल्या रविवारी दीरांचा फोन होता. वरच्या खोल्या भाड्यानं देऊ या, पुस्तकं रद्दीवाला न्यायला तयार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा. दोन वर्षं मी हा विषय आला की फोन देवघरात नेऊन ठेवत असे. या वेळी बोलले. घर विकायचं नाही, भाड्याचं मी आल्यावर बघू. मोल्सवर्थ आणि किट्टेलला कुणी हात लावायचा नाही. बाकीच्या कपाटातलं रद्दीत मुळीच द्यायचं नाही. पुतण्याला म्हटलं, ‘एकदा हिंडलग्याला जाऊन साहेबांना विचार, तिथे वाचायला पुस्तकं घेतात का? मराठी, कन्नड, दोन्ही आहेत म्हणावं. आणि हो, आत पेन्सिलीच्या खुणा असलेल्या चालतात का, तेही विचारून घे.’ त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.