साउंड ठरवताना वॉट नको, डेसिबल विचारा

तुळशीची लग्ने लागली की नांदेड आणि लातूरमधील मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात. हॉल, आचारी, घोडा, बँड यांच्याबरोबर साउंडचीही सुपारी दिली जाते. साउंडवाल्याशी होणारी बोलणी बहुतेक वेळा एकाच भाषेत होतात. बेस किती, टॉप किती, अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा? शेजारच्या लग्नात चार बेस होते, मग इथे सहा हवेत. गणपती आणि जयंतीच्या मिरवणुकीत मंडळा-मंडळांत हीच चुरस असते. त्या आवाजाजवळ माणसांनी किती वेळ उभे राहायचे, हा प्रश्न मात्र या बोलण्यांत येत नाही. खरे तर सुपारी देताना पहिला प्रश्न तोच हवा.

वॉटचा फसवा हिशेब

वॉट हे अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीचे माप आहे, कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाचे नव्हे. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट वॉट. १,००० वॉटऐवजी २,००० वॉटसाठी मोजलेल्या पैशांतून पदरात पडतो तो हा जेमतेम फरक. त्यातही ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेला आकडा केवळ विक्रीसाठी असतो. विचारायचे तर ‘आरएमएस’ वॉट विचारावेत.

त्याहून महत्त्वाची आहे स्पीकरची संवेदनशीलता. १ वॉट दिल्यावर १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो, हे ती सांगते. ९७ डेसिबलचा डबा ९४ च्या डब्याइतका आवाज निम्म्या वॉटमध्ये देतो. ओहमचा मेळही बघावा लागतो. ८ ओहमचे दोन डबे समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरवर ४ ओहमचा भार येतो, चार जोडले की २ ओहमचा. अ‍ॅम्प्लिफायर तेवढा भार पेलणारा नसेल तर तो तापतो आणि बंद पडतो. कुवतीबाहेर ताणलेला अ‍ॅम्प्लिफायर फाटका आवाज देतो, त्यात टॉपचे बारीक स्पीकर जळतात, आणि हाच कर्कश भाग कानाला अधिक बोचतो. विचार करून केलेली निवड अशी पैसे आणि कान दोन्ही वाचवते.

बेस कानाला कमी, खिडकीला जास्त

माणसाचा कान खालच्या पट्टीतल्या आवाजाला मुळातच कमी संवेदनशील आहे. बेलच्या प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवले. म्हणून बेस गाण्याच्या बरोबरीने ऐकू यावा यासाठी कितीतरी जास्त शक्ती ओतावी लागते. ही शक्ती नाचणाऱ्यांपाशी थांबत नाही. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ७ मीटर असते. एवढी मोठी लहर कोपरे वळसा घालून पार करते, आणि भिंत व दार तिला फारसे अडवू शकत नाहीत. गाण्याचे शब्द दुसऱ्या गल्लीत विरून जातात, पण ‘धब धब’ घरात येते. पत्रे थरथरतात, खिडकीच्या काचा आणि मांडणीवरची भांडी वाजतात.

या भागात काचा वाजण्याला आणखी एक अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो जीव घेतले. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यातल्या भूकंपाचे धक्के नांदेडलाही जाणवले. जमीन हादरल्याची आठवण असलेल्या घरात रात्री भांडी वाजू लागली, तर त्याला नुसता ‘थोडा आवाज’ म्हणता येत नाही.

मीटरला न दिसणारा आवाज

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. हे आकडे ‘ए’ मापातले आहेत. कान खालचे सूर कमी ऐकतो, म्हणून ‘ए’ मापात मीटरही त्यांची किंमत कमी धरतो. ५० हर्ट्झला तो तब्बल ३० डेसिबल वजा करतो.

समजा, ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा एकच बेस १,००० वॉटवर चालला आहे. कागदावरच्या हिशेबाने १ मीटरवर १२७ डेसिबल होतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात, त्यामुळे ३२ मीटरवर ९७ उरतात. हा सगळा आवाज ५० हर्ट्झचा असेल तर ‘ए’ मीटर दाखवील ६७. मर्यादा इथेही मोडलीच आहे, पण कान आणि काचांवर पडणारा भार आकड्यात दिसतो त्याहून खूप मोठा आहे. आता बंद खोलीत ५० हर्ट्झचे ७० डेसिबल पोचले असे धरा. मीटर ४० सांगेल. घुमणाऱ्या खोलीत झोप लागणार नाही, पण कागदोपत्री तिथे शांतता असेल.

‘सी’ मापात ५० हर्ट्झला जेमतेम १ डेसिबल कापला जातो. बेसचा भाग मोठा असेल तर केवळ ‘ए’ माप पुरेसे नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितले आहे. मिरवणुकीत मीटर घेऊन उभ्या राहणाऱ्या यंत्रणेने दोन्ही मापांच्या नोंदी घ्यायला हव्यात. बहुतेक चांगल्या मीटरवर त्यासाठी फक्त एक बटण बदलावे लागते.

आधी कोणाचे कान जातात?

अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेच्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तासांपर्यंत थांबावे, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा करावा. या हिशेबाने ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे मिळतात. परण्या आणि वरात मिळून दोन-तीन तास सहज जातात. दुसऱ्या दिवशी कानात ‘सुंई’ वाजणे आणि माणसांचे बोलणे दबके वाटणे, ही पहिली खूण असते.

नुकसानीचा मोठा वाटा मधल्या आणि वरच्या सुरांचा असतो, म्हणून ‘बेसने कान जात नाहीत’ असे साउंडच्या धंद्यात म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. बेस वाढवला की त्याच्यापुढे गायकाचा आवाज बुडतो, मग टॉपही वाढवावे लागतात. शेवटी सगळाच आवाज वर चढतो. त्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो गाडीवर, डब्यांच्या शेजारी तासन् तास उभ्या असणाऱ्या ऑपरेटर पोराला. नाचणारे चार तासांनी घरी जातात, त्याला मात्र दुसऱ्या दिवशी पुढची सुपारी असते. फोमचे इअरप्लग स्वस्त मिळतात. कापसाच्या बोळ्याचा त्याऐवजी उपयोग नाही.

लातूर आणि नांदेडमध्ये आणखी एक वर्ग या आवाजाची किंमत मोजतो. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी गावोगावची मुले इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचे पालक फी भरतात ती शिकवणीची, आणि त्या शिकवणीला रात्रीची झोप लागते.

बेस चांगला, भूकंप नको

आवाज कमी करा म्हणजे मजा कमी करा, असा याचा अर्थ नाही. ऑर्केस्ट्रातली बेस गिटार बघा. तिच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. तरीही १९६९ मध्ये आलेला अ‍ॅम्पेगचा प्रसिद्ध बेस डबा दहा इंची आठ स्पीकरांचा आणि बंद पेटीचा होता. तो इतका खालचा सूर पुरता देत नाही. वरचे अनुसूर ऐकून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवरही बेसची चाल ओळखू येते ती यामुळेच. बेसची गोडी स्वच्छतेत आहे, काचा हलवण्यात नाही.

म्हणून निवड चौकात नव्हे, सुपारी देतानाच व्हावी. हॉल लहान असेल तर एक-दोन बेस पुरतात. डबा भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकवला की बेस आपोआप वाढतो, मग अ‍ॅम्प्लिफायर तेवढा खाली ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्रमस्थळांसाठी २०२२ मध्ये १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. ती वरची मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे, आणि शेजाऱ्यांसाठीची कायद्याची मर्यादा तिच्याहून खूप खाली आहे. ठरावात तीन ओळी पुरेशा आहेत: नाचणाऱ्यांपाशी आवाज किती डेसिबल, किती तास, आणि रात्री १० वाजता बंद. लहान मुले, गर्भवती आणि हृदयविकाराचे रुग्ण डब्यांपासून दूर राहतील अशी जागाही आधीच ठरवावी.

साउंडवाल्यांनी कर्ज काढून गाड्या बांधल्या आहेत, ते काही शत्रू नव्हेत. गिऱ्हाईक बेस मोजते, म्हणून ते बेस वाढवतात. गिऱ्हाइकाने स्वच्छ आवाज मागितला तर तेही तोच विकतील, आणि त्यांच्या पोरांचे कानही टिकतील. लग्नात यजमानाने पाहुण्यांच्या जेवणाची काळजी घ्यायची असते. त्यांच्या कानांची काळजीही त्याच यादीत यायला हवी.