रडणारं बाळ बॉब मार्ली लावताच शांत होतं? रेगे आणि बाळांबद्दल विज्ञान काय सांगतं

हे रील तुम्हीही पाहिलं असेल. कारमधलं बाळ रडून रडून लाल झालंय. आई-बाबा गाणं लावतात, बेस घुमायला लागतो आणि काही सेकंदांत बाळ गप्प. खाली कमेंट्समध्ये 'आमच्याकडेही सेम!' म्हणणाऱ्यांची रांग. गाणं बहुतेक वेळा बॉब मार्लीचं.

यूट्यूबवर शोधलं की बाळांसाठीच्या रेगेचे तासन् तास चालणारे व्हिडिओ सापडतात. रात्री अडीच वाजता बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणाऱ्या कुणालाही वाटेल, लावून तर बघू!

पण रेगेमुळे बाळ खरंच शांत होतं का? आणि होत असेल, तर श्रेय रेगेचं की आणखी कशाचं?

रेगे आहे तरी काय?

रेगेचा जन्म १९६०च्या दशकाच्या शेवटी जमैकातल्या किंग्स्टन शहरात झाला. आधी 'स्का' हा वेगवान प्रकार होता. त्याचा वेग उतरला आणि 'रॉकस्टेडी' आली, आणि त्यातून रेगे. गरिबी, वंशभेद, अन्याय हे त्याचे नेहमीचे विषय. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

थोडक्यात, हे संगीत बाळांना झोपवायला तयार झालेलं नाही. पण ते पाळण्यापर्यंत पोहोचलं. मार्लीच्या गाण्यांच्या अंगाईसारख्या धून बाजारात आल्या. त्याची मुलगी सेडेला हिने वडिलांच्या गाण्यांवरून मुलांसाठी चित्रपुस्तकं केली. मुलगा झिगी मार्ली याच्या 'फॅमिली टाइम' (२००९) या अल्बमला मुलांच्या संगीताचा ग्रॅमीही मिळाला.

ठेक्यात काय वेगळं आहे?

रेगे ऐकताना मान आपोआप डुलते, याचं कारण त्याच्या ठेक्यात आहे. चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटार छाटून वाजते. 'वन ड्रॉप' नावाच्या प्रसिद्ध ठेक्यात ड्रमचा जोर येतो तिसऱ्या मात्रेवर आणि पहिली मात्रा चक्क रिकामी सोडली जाते. आपल्या रूपक तालात समेवरच खाली येते, तशी काहीशी गंमत. खाली जाड, गोल बेस आणि सगळ्याची चाल निवांत.

आता बाळांकडे येऊ.

दोन दिवसांच्या बाळालाही ठेका कळतो

२००९ मध्ये हंगेरी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना झोपेत ड्रमचा ठेका ऐकवला. मध्येच ठेक्यातली पहिली, जोराची मात्रा गाळली. बाळांच्या मेंदूने लगेच प्रतिक्रिया दिली, जणू अपेक्षित गोष्ट आलीच नाही. म्हणजे ठेक्याची जाण बाळ जन्मतःच घेऊन येतं.

२०१० मध्ये मार्सेल झेंटनर आणि तुओमास एरोला यांनी ५ ते २४ महिन्यांच्या १२० बाळांचा अभ्यास केला. नुसत्या बोलण्यापेक्षा संगीत आणि ड्रमच्या ठेक्यावर बाळं जास्त लयीत हलत होती. ज्यांची हालचाल ठेक्याशी जास्त जुळत होती, ती हसतही जास्त होती.

शिवाय बाळाचे कान परदेशी संगीताला परकं मानत नाहीत. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांच्या २००५च्या प्रयोगात सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकन बाळांना बाल्कन प्रदेशातल्या अवघड तालातला फरकही कळला. वर्षाची होईपर्यंत मात्र ती आपल्याच भागातल्या तालांना सरावलेली होती. त्यामुळे पुण्यातल्या बाळाने जमैकाच्या ठेक्यावर पाय हलवले, तर त्यात नवल नाही.

मग ही रेगेची जादू का?

इथे जरा थांबा. वरचे प्रयोग बाळांना ठेका कळतो हे दाखवतात. रेगे बाकी संगीतापेक्षा भारी आहे, हे दाखवत नाहीत.

'रेगेने शांत वाटतं' या दाव्याला जोडला जाणारा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, पण तो बाळांवरचा नाही, कुत्र्यांवरचा! २०१७ मध्ये ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटिश एसपीसीए यांनी निवाऱ्यातल्या कुत्र्यांना पाच प्रकारचं संगीत ऐकवलं. सॉफ्ट रॉक आणि रेगे चालू असताना त्यांचा ताण कमी झाल्याच्या खुणा हृदयाच्या ठोक्यांत सगळ्यात ठळक दिसल्या.

बाळांच्या बाबतीत पुरावा आहे तो साध्या गाण्याचा. माँट्रियलमधल्या एका प्रयोगात बाळांना त्यांनी कधीच न ऐकलेल्या तुर्की भाषेतलं गाणं ऐकवलं. ती सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. बोलणं ऐकवलं, तेव्हा चार मिनिटांच्या आसपास. हार्वर्डच्या अभ्यासातही अनोळखी भाषेतल्या अंगाईने बाळांच्या हृदयाची गती इतर गाण्यांपेक्षा जास्त उतरली. म्हणजे तुमच्या आजीची बेसूर अंगाईही या शर्यतीत मागे नाही.

'रेगेचा ठेका आईच्या ठोक्यांसारखा असतो' हेही खूप शेअर होतं. गर्भात असतानाच बाळ ऐकू लागतं आणि त्याच्यापर्यंत खालच्या पट्टीतले आवाज जास्त पोहोचतात, हे खरं. पण ठोक्यांच्या वेगाशी जुळणारं संगीत फक्त रेगेच नाही. कित्येक भजनं आणि भावगीतंही त्याच वेगाची असतात.

रीलमध्ये आपण काय बघत नाही?

बाळ शांत झालं नाही, ते व्हिडिओ कुणी टाकत नाही. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आवडतं गाणं लागलं की आई-बाबाही सैलावतात. बाळाला घेऊन डुलतात, चालतात, गुणगुणतात. आणि या हालचालीचा परिणाम मोजलेला आहे. जपानच्या रिकेन संस्थेच्या २०२२च्या अभ्यासात रडणाऱ्या बाळांना उचलून पाच मिनिटं चालल्यावर ती शांत झाली आणि जवळपास निम्मी झोपली. खाली ठेवण्याआधी त्यांना घेऊन पाच ते आठ मिनिटं बसावं, असंही या संशोधकांनी सुचवलं.

म्हणजे रेगे कामाला येत असेल, तर कदाचित ते आधी मोठ्यांवर काम करतं आणि मग बाळावर.

हुशारीचं आमिष

बाळांच्या संगीताला 'मेंदू तल्लख होतो' ही जाहिरात हमखास चिकटते. तिचं मूळ १९९३च्या 'मोझार्ट इफेक्ट'मध्ये आहे. तो प्रयोग कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम काही मिनिटंच टिकला होता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या नावाखाली प्लेलिस्ट विकत घेताना हा किस्सा आठवायला हरकत नाही.

लावायचंच असेल तर

आवाज कमी ठेवा. कॅनडात २०१४ मध्ये बाळांना झोपवणारी १४ आवाजी यंत्रं तपासली. पूर्ण आवाजात, एक मीटरवरूनही ती सगळी, हॉस्पिटलमधल्या नवजात कक्षासाठीच्या ५० डेसिबलच्या मर्यादेबाहेर गेली. त्यामुळे फोन उशीशी ठेवू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि बाळ झोपल्यावर बंद करा.

स्क्रीन उलटी ठेवा. एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

आणि कुठल्याच गाण्याने बाळ गप्प झालं नाही, तर तुमचं काही चुकतंय असं समजू नका. साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळांचं रडणं सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ते बहुतेकदा उतरतं. ताप असेल, दूध पीत नसेल किंवा रडणं नेहमीपेक्षा वेगळं वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तुमचाच संयम सुटायला लागला, तर बाळाला पाळण्यात नीट पाठीवर ठेवा, घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला कधीही जोरात हलवू नका, त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

बाकी मार्ली लावा, लता लावा, नाहीतर स्वतः गा. बाळाला उचलून घ्यायला मात्र विसरू नका.