मातब्बरांनाही परीक्षा हवी

अमेरिकेत २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे दार सताड उघडे आहे. पक्षाकडे ना विद्यमान अध्यक्ष आहे, ना विद्यमान उपाध्यक्ष. कमला हॅरिस, गॅव्हिन न्यूसम, पीट बुटिजेज ही परिचित नावे चर्चेत आहेत आणि अशा वेळी हमखास उठणारा सूर पुन्हा ऐकू येतो. देशाला माहीत असलेला एक चेहरा लवकर ठरवा, पैसा आणि यंत्रणा त्याच्यामागे उभी करा, नवख्यांना या खेपेला थांबायला सांगा. आपसात भांडून विरोधकांच्या हाती आयते कोलीत देऊ नका. सल्ला वरकरणी समंजस आहे. आमच्या मते तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत या पक्षाने गेल्या काही वर्षांत दोनदा मोजली आहे.

ताजा धडा २०२४ चा. २०२० च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतील मतदानात, जो बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. त्यांना तारले ते साउथ कॅरोलायनाने. पुढच्या खेपेला पक्षाने बायडेन यांच्या इच्छेनुसार साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला. न्यू हॅम्पशायरने आपल्या राज्याच्या कायद्याला धरून आधीच मतदान घेतले, तर तिथल्या मतपत्रिकेवर विद्यमान अध्यक्षांचे नावच नव्हते. समर्थकांना ते हाताने लिहावे लागले. फ्लोरिडात पक्षाच्या शाखेने एकट्या बायडेन यांचे नाव कळवले आणि तिथे डेमोक्रॅटिक प्रायमरी झालीच नाही. वादचर्चा एकही झाली नाही. अध्यक्षांचे वय झाले आहे, हे मिनेसोटाचे काँग्रेस सदस्य डीन फिलिप्स उघड सांगत होते, पण त्यांना पक्षात कोणी दाद दिली नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. ते २७ जून २०२४ रोजी अटलांटातील वादचर्चेत साऱ्या देशासमोर फुटले. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली तेव्हा मतदानाला साडेतीन महिने उरले होते.

मग उमेदवारी हॅरिस यांच्याकडे गेली, आणि इथे खरा अन्याय त्यांच्यावरच झाला असे आम्हाला वाटते. २०२० च्या शर्यतीतून त्या पहिले मत पडण्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये, बाहेर पडल्या होत्या. २०२४ मध्ये पक्षप्रतिनिधींनी ऑनलाइन मतदानाने त्यांना उमेदवार केले. म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून पक्षाच्या साध्या मतदाराचा कौल त्यांना कधी मागताच आला नाही. बायडेन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळे काय केले असते, या साध्या प्रश्नावर त्या ऑक्टोबरमध्ये अडखळल्या. चुरशीची पक्षांतर्गत लढत झाली असती तर हाच प्रश्न जानेवारीत एखाद्या प्रतिस्पर्ध्याने विचारला असता, पुन्हा पुन्हा विचारला असता, आणि नोव्हेंबरपर्यंत उत्तर तयार झाले असते. प्रसिद्धी उमेदवाराला ओळख देते. तावून सुलाखून निघायला मात्र आव्हान लागते.

२०१६ ची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती नीट सांगितली पाहिजे, कारण तिच्याभोवती बरेच गैरसमज आहेत. पक्षाने पक्षपात केला नसता तर बर्नी सँडर्स जिंकले असते, असे म्हणणे धाडसाचे आहे. हिलरी क्लिंटन यांना प्रायमरीत त्यांच्यापेक्षा सुमारे ३७ लाख मते जास्त मिळाली होती. पण आयोवातले पहिले मत पडण्याआधीच शेकडो सुपरडेलिगेट, म्हणजे निवडून न येता पदामुळे मताचा हक्क मिळालेले नेते, क्लिंटन यांच्या बाजूने जाहीर झाले होते आणि वृत्तवाहिन्या ते आकडे त्यांच्या आघाडीत मोजून दाखवत होत्या. वादचर्चा मोजक्या, त्यातल्या काही शनिवार-रविवारी. जुलैमध्ये पक्ष कार्यालयातले ईमेल फुटले, सँडर्स यांच्याविषयीची आकसाची भाषा बाहेर आली आणि फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाच्या तोंडावर पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. क्लिंटन मतदारांच्या बळावर जिंकू शकत होत्या, जिंकल्याही. त्यांच्या हितचिंतकांनी तो विजय डागाळून टाकला. पुढे मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून सुमारे ७८ हजार मतांनी हातची गेली. दुखावून घरी बसलेले त्यात किती होते, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण इतक्या थोड्या फरकाच्या निवडणुकीत आपल्याच कार्यकर्त्यांना दुखावण्याची चैन कुठल्याही पक्षाला परवडत नाही.

नवख्यांविषयीची भीती निराधार आहे असे आमचे म्हणणे नाही. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता शिकागोत उमेदवार झाले, बाहेर रस्त्यावर लाठ्या चालत होत्या. त्या संतापातून नियम बदलले, मतदारांना अधिकार मिळाले आणि १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न उमेदवार होऊन ४९ राज्यांत हरले. त्या धसक्याने १९८२ मध्ये सुपरडेलिगेट जन्माला आले. त्यांनी १९८४ मध्ये नवख्या गॅरी हार्टऐवजी अनुभवी वॉल्टर माँडेल यांना साथ दिली, आणि माँडेलही ४९ राज्यांतच हरले. उलट १९७६ मध्ये जॉर्जियाबाहेर फारसे कोणाला माहीत नसलेले जिमी कार्टर आणि २००८ मध्ये सिनेटमध्ये पहिलीच टर्म करणारे बराक ओबामा व्हाइट हाऊसमध्ये पोहोचले. रिपब्लिकनांकडेही २०१६ मध्ये जेब बुश यांच्या मागे दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी होती. फेब्रुवारी संपायच्या आत ते घरी गेले. ठरवून दिलेला चेहरा मतदार स्वीकारतीलच, याची हमी ना पैसा देतो ना घराणे.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण श्री ठाणेदार यांचे. बेळगावचे हे उद्योजक २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्वतःचा पैसा ओतून उतरले. मतदारांनी अनुभवी ग्रेचेन व्हिटमर यांना निवडले, ठाणेदार तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेससाठीच्या प्रायमरीत नऊ जणांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले. २८ टक्क्यांत उमेदवारी मिळावी का, हा रास्त प्रश्न आहे. पण त्यावरचा इलाज नियमात आहे. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पसंतीक्रमाने मतदान घेतले होते. ती पद्धत रुजली तर गर्दीतही बहुमताचा माणूस पुढे येतो आणि कोणाला आधीच अडवावे लागत नाही.

नेत्यांनी मौन पाळावे असाही आमचा आग्रह नाही. ज्यांनी एखाद्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले, त्यांना त्याचा स्वभाव आणि कुवत दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. फेब्रुवारी २०२० मध्ये साउथ कॅरोलायनाचे काँग्रेस सदस्य जिम क्लायबर्न यांनी बायडेन यांना जाहीर पाठिंबा दिला, आणि त्यांच्या शब्दाचे वजन किती धरायचे हे तीन दिवसांनी तिथल्या मतदारांनी ठरवले. तसा पाठिंबा योग्यच. मात्र वेळापत्रक, वादचर्चा आणि मतपत्रिका ज्यांच्या हातात आहेत, त्यांनी पंचाचीच भूमिका बजावावी. पक्षाध्यक्षाने सर्व उमेदवारांशी निःपक्षपाती राहावे, असे पक्षाच्या घटनेत लिहिलेलेच आहे. तरीही २०१६ च्या पक्षपातावरून सँडर्स समर्थकांनी दावा दाखल केला तेव्हा पक्षाच्या वकिलाने न्यायालयात मांडले की, नेत्यांनी बंद खोलीत बसून उमेदवार ठरवायचे म्हटले तर तेही पक्षाला करता आले असते. २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला. कायद्याने पक्ष सुटला, पण त्या युक्तिवादाने कार्यकर्त्यांच्या विश्वासाला गेलेला तडा अजून बुजलेला नाही.

२०१८ मध्ये सुपरडेलिगेटांचा पहिल्या फेरीतला मताधिकार पक्षाने काढून घेतला, हे चांगले झाले. २०२५ मध्ये पक्षाचे तेव्हाचे उपाध्यक्ष डेव्हिड हॉग यांनी पक्षाच्याच जुन्या खासदारांविरुद्ध तरुण उमेदवार उभे करण्याची घोषणा केली, तेव्हा पक्षाध्यक्ष केन मार्टिन यांनी पदाधिकाऱ्यांनी तटस्थ राहावे असा आग्रह धरला. तो आग्रह बरोबरच होता, पण तोच निकष अध्यक्षीय शर्यतीलाही लागला पाहिजे. राज्यांचा क्रम कोणाच्या सोयीने बसवला जाऊ नये, वादचर्चा पुरेशा आणि लोक पाहू शकतील अशा वेळी व्हाव्यात, आणि फ्लोरिडासारखे एकच नाव कळवून मतदान टाळण्याची मुभा कोणत्याही राज्यशाखेला राहू नये, मग पुढचा अध्यक्ष डेमोक्रॅटिक असला आणि त्याला दुसरी टर्म हवी असली तरीही.