अपुऱ्या प्रयोगांचा वारसा

१९२० साली ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने पाण्यावर आणि जमिनीवर, दोन्हीकडे उतरू शकणाऱ्या विमानांची स्पर्धा घेतली. सुपरमरीन कंपनीचे ‘कमर्शियल ॲम्फिबियन’ तीत दुसरे आले. होडीसारखे लाकडी धड, वर ओढून घेता येणारी चाके, वैमानिकाखेरीज दोन प्रवाशांची जागा. परीक्षकांना ते इतके पसंत पडले, की दुसऱ्या बक्षिसाची रक्कम चार हजार पौंडांवरून आठ हजारांवर नेली गेली. तरीही असे विमान एकच बांधले गेले. मात्र त्याचे गुणदोष नोंदले गेले होते. त्याच वाटेने पुढे ‘सीगल’ आले आणि दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना वाचवणारे ‘वॉलरस’ही.

मराठी वाचकाला अपुऱ्या विमानप्रयोगाचे नाव विचारले, तर तो शिवकर बापूजी तळपदे यांचे सांगेल. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याची कथा २०१५ साली हिंदी पडद्यावरही आली. ते उडाले हे सिद्ध करणारा समकालीन पुरावा मात्र अद्याप पुढे आलेला नाही. या कथेच्या आधारासाठी ज्या ‘वैमानिक शास्त्रा’कडे बोट दाखवले जाते, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासले. ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तळपद्यांची जिज्ञासा आम्हांस खोटी वाटत नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या चरित्राची आख्यायिका करणाऱ्यांवर. आख्यायिकेत अपयशाला जागा नसते. म्हणून तिच्यातून पुढच्या कारागिराला काही शिकता येत नाही.

अपुरे राहणे हा कमीपणा नव्हे, हे राधानगरीत वेगळे सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले इथले धरण निधीअभावी थांबले. १९२२ साली महाराज निवर्तले तेव्हाही ते अपुरेच होते. पण जेवढी भिंत झाली होती, तेवढी खरी होती. पुढच्यांनी ती त्यावरूनच वर नेली.

साहित्याच्या वर्गात आपण कथा आणि इतिहास यांतला भेद शिकवतो. तळपद्यांची कथा वर्गात जरूर वाचावी. पण तिच्याशेजारी पुरावा काय, हा प्रश्नही ठेवावा. विद्यार्थ्यांच्या अभिमानाला त्याने धक्का बसेल, असे आम्हांस वाटत नाही. बसलाच, तर तो वर्गातच बसलेला बरा.