कव्हरावर कव्हर चढवू नका

आज थोडं कडू बोलणार आहे. वयाकडे बघून ऐकून घ्या.

आपल्या बेळगावच्या मराठी घरांत जुन्या मोटारसायकली अजून बऱ्याच टिकून आहेत. कुणाकडे वडिलांची राजदूत, कुणाकडे काकांची बुलेट, माझ्याकडे माझीच 1984 ची येझदी रोडकिंग. म्हैसूरचा येझदीचा कारखाना 1996 साली बंद पडला, तरी आमची गाडी चालू आहे. खंडेनवमीला या गाड्या धुऊन बाहेर निघतात, झेंडूचा हार पडतो, फोटो निघतात. टाकी आरशासारखी, दोन्ही सायलेन्सर चकचकीत. आणि सीट? एक तर फाटक्या रेक्झीनवर बाजारातलं इलॅस्टिकचं तयार कव्हर ओढलेलं, नाही तर स्पंज बाहेर आलेला आणि त्यावर जुना टॉवेल. विचारलं तर पहिला म्हणतो, "अडीचशेत काम भागलं." दुसरा म्हणतो, "बाबांची आठवण आहे, तिला हात लावायचा नाही."

माझं भांडण या दोघांशीही आहे. आणि पहिला मी स्वतः होतो, म्हणून अधिकाराने बोलतोय.

2009 चा पावसाळा. सीटची शिवण मधोमध उसवलेली. शहापुरात कुशनचं काम करणारे एक चाचा होते, त्यांना दाखवली. त्यांनी बोटाने दाबून बघितलं. बोटाभोवती पाणी आलं. म्हणाले, "साहेब, सगळं खोलायला लागतंय. आतला पत्रा गेलाय." अठराशे रुपये सांगितले. मी आयुष्यभर दुसऱ्यांची कोटेशनं कापलेला माणूस. "एवढ्याशा सीटला अठराशे?" म्हणून उठलो आणि येताना खडे बाजारातून अडीचशेचं कव्हर घेऊन आलो. पंधराशे पन्नास वाचवले, असं घरी सांगितलंसुद्धा.

तीन आठवड्यांनी टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटवर, भुरभुर पावसात, रुळांवरून गाडी उडाली. ओलं कव्हर जुन्या रेक्झीनवरून सरकलं. मागे ही बसलेली. सीटवर धरायला जो पट्टा असतो, तो मी कव्हराखाली गाडून टाकला होता. तिच्या हाताला काहीच लागलं नाही. पडली. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. आजही चपात्या लाटताना मध्येच थांबते आणि काही बोलत नाही. तिने एकदाही मला ऐकवलं नाही, हेच जास्त लागतं. वाचवलेल्या पंधराशे पन्नासचा हिशोब हा असा.

मागे बसणाऱ्याला धरायला पक्की सोय असली पाहिजे, हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतसुद्धा लिहिलेलं आहे. तयार कव्हर घालताना आपण ती सोय स्वतःच्या हाताने झाकतो आणि वर बायको-पोरांना मागे बसवतो.

आता तयार कव्हराने सीटच्या आत काय होतं ते सांगतो. पाऊस कव्हरातून झिरपून खालच्या फाटक्या शिवणीत शिरतो. फोम तो पिऊन घेतो. वरून दुसरा थर असल्यामुळे ऊन पडलं तरी आतलं पाणी वाळत नाही. ते खालच्या पत्र्यावर बसून राहतं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर पत्रा सुकतच नाही. मग गंज, मग भोकं. रेक्झीन अडकवायचे पत्र्याच्या काठाचे दातसुद्धा गळून पडतात. बँकेत असताना काही महाभाग थकीत कर्ज लपवायला त्याच खात्यावर नवीन कर्ज देत. कागदावर खातं सुधारलेलं दिसे, आत बुडालेलं असे. सीटवर तयार कव्हर म्हणजे तेच. झाकलेला गंज कमी होत नाही, फक्त दिसत नाही.

हिचं प्लास्टर निघाल्यावर मान खाली घालून परत चाचांकडे गेलो. ते एवढंच म्हणाले, "वरनं कापड घालून आतला गंज जातोय व्हय, साहेब?" आणि सीट मांडीवर घेतली. मी दोन दिवस स्टुलावर बसून बघितलं, म्हणून मजुरी कशाची असते ते कळलं.

आधी पत्र्याचे दात एकेक उचलून रेक्झीन सोडवलं. ते फेकलं नाही. शिवणीवर ब्लेड घालून त्याचे तुकडे वेगळे केले, कारण नवीन कापडाचा माप तोच. जुना फोम हातात घेतला की भुगा होत होता. पत्रा तारेच्या ब्रशने घासला, दोन ठिकाणी वेल्डिंगचे ठिगळ मारले, रेड ऑक्साइड लावून वर काळा रंग. पत्र्याला पाणी निघायची भोकं होती, ती मुद्दाम मोकळी ठेवली. खाली घट्ट फोम, वर मऊ थर, चिकटवून हॅक्सॉ ब्लेडने आकार. त्यावर प्लॅस्टिकचा कागद, कारण रेक्झीनमधून पाणी जात नसलं तरी सुईच्या भोकांतून जातं. दोरा नायलॉनचा, सुती दोरा कुजतो. शिवलेलं कव्हर तासभर उन्हात टाकलं. गरम झालं की रेक्झीन नरम पडतं आणि ताणल्यावर सुरकुती राहत नाही. आधी पुढची-मागची बाजू ओढून अडकवली, मग दोन्ही कडा. शेवटी पट्टा, कव्हराच्या वर, दोन्ही बाजूंना पक्का.

ती सीट आजही आहे. मध्ये एकदा फक्त शिवण मारून घेतली.

आता नेहमीचे आक्षेप. "जुन्या गाडीवर खर्च कशाला?" मग टाकीच्या रंगावर आणि क्रोमवर हजारो कसे गेले? फोटोत दिसतं त्यावर खर्च आणि ज्यावर माणूस बसतो तिथे काटकसर, हा कुठला हिशोब? "तयार नवी सीटच मिळते की." मिळते. माझ्या ओळखीत दोघांनी आणली. पत्रा हलका, भोकं जुळेनात, शेवटी कुशनवाल्याकडेच गेले. नातवंडांना चौकटी-चौकटींची शिलाई हवी असते. दिसते छान, पण जिथे पाणी साचतं त्याच पृष्ठभागावर ती शेकडो भोकं पाडते, हे त्यांना कुणी तरी सांगा.

आणि आठवणवाले. तुमच्याशी बोलायला जड जातं, तरी बोलतो. वडिलांची आठवण फाटक्या रेक्झीनमध्ये नसते. तुमच्या वडिलांनी ती सीट त्यांच्या हयातीत दोन-तीनदा तरी शिवून घेतली असणार. त्यांच्या पिढीत फाटकं ठेवायची पद्धत नव्हती, उसवलं की शिवायचं. त्यांची गाडी जपायची तर त्यांची सवय जपा. जुन्या कापडाचा एक तुकडा कपाटात ठेवा हवा तर, मीही ठेवलाय. पण आपण बाहेरच्या मुलखात राहिलेली माणसं जरा जास्तच करतो हे. वाडा असो, गाडी असो, हात न लावणं म्हणजे जपणं असं धरून चालतो आणि ती वस्तू आतून कुजू देतो.

चाचा आता नाहीत. मुलगा दुकान चालवतो, पण कामं कमी, आणि येणारे निम्मे लोक भाव ऐकून माझ्यासारखेच उठून जातात. तोही दुकान बंद करून दुसरीकडे लागला, तर मग आपण सगळे इलॅस्टिकची कव्हरंच चढवत बसू.

म्हणून विनंती. या दिवाळीच्या आत सीट दाबून बघा. पाणी आलं, तर ती उघडायला द्या. सांगितलेली मजुरी द्या, घासाघीस करू नका. आणि पट्टा वर आहे ना, हे मागे बसणारीला एकदा धरून बघायला सांगा.

चूकभूल द्यावी घ्यावी.